मायचं नाव विचारणारी गिरजा

गिरजा दिसायला काही सुंदर नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. आता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाया तिची गोष्ट सांगतात तेव्हा तिला उंच करतात, गोरी करतात, चेहऱ्यावर देवीचं तेज चढवतात. ती ठेंगणी होती. दात पुढे होते. चालायची पाय आपटत. ती अंगणात आली की कोठ्यातल्या बैलांनाही कळायचं. तिची भाकर एका अंगानं करपायची आणि दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची. झोपेत अशी घोरायची की मधल्या भिंतीपलीकडे मला ऐकू येई. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण ती माझी धाकटी जाऊ होती आणि आम्ही दोघींनी एका चुलीवर संसार केला.

आणि तरी घरात काहीही झालं, गाय अडली, पाहुणा रुसला, शेजारी भांडण लागलं, की आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणायच्या, "धाकटीले बोलवा."

थोरली चुलीशी बसलेली असायची. थोरलीला कुणी बोलवत नसे.

मी अचलपूरची. आमचं नबाबाचं गाव. आमच्याकडे बायका हळू बोलतात, हळू हसतात. गिरजा हिवरखेडची. शेतात वाढलेली, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारायची सवय लागलेली. तोंडात घास असताना हसायची. एखादी गोष्ट पोटात ठेवणं तिला जमायचं नाही, आणि खोटं मात्र असं सहज बोलायची की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. मला वाटलं होतं, हिला आत्याबाई महिनाभरात माहेरी धाडतील. महिनाभरात आत्याबाई तिच्या हातून डोक्याला तेल लावून घ्यायला लागल्या. माझी येसू, माझ्या पोटची लेक, सांज झाली की आपली वाकळ उचलून काकीच्या खोलीत जायची. "मले काकीच्या घोरन्यानं झोप येते," म्हणायची. आता याला काय म्हणावं?

ते कापसाचे दिवस होते. साता समुद्रापलीकडे गोरे लोक आपसात लढत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणाचा पैसा आमच्या काळ्या मातीतून उगवत होता. ज्यांच्या घरी कालपर्यंत धड पितळेचा तांब्या नव्हता, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकायला लागल्या. पैसा आला की माणसाला आधी बैल पाहिजे असतो, मग घर, मग बाई. विधुरांना बायको पाहिजे होती, बायको असलेल्यांना दुसरी. कुणाला घरात राबायला पोर पाहिजे, कुणाला पोटी नाही म्हणून लेकरू पाहिजे. आणि हे सगळं मिळायलाही लागलं होतं. कुठून मिळतं, हे विचारायची रीत नव्हती. बाजारात कापूस घेताना कुणी विचारतं का, कोण्या झाडाचा?

गिरजा विचारायची. तिचा तो स्वभावच. नवं माणूस दिसलं की जग विचारतं, गाव कोणतं, बाप कोण. गिरजा विचारायची, "तुह्या मायचं नाव काय?" बांगड्या भरणाऱ्या कासाराला विचारायची, दारी आलेल्या वासुदेवाला विचारायची. एकदा कचेरीतला एक कारकून वसुलीला आला, चांगला पगडीवाला. दाराआडून तिनं त्यालाही विचारलं. तो लाजला, 'सरस्वती' म्हणाला, आणि मग ओसरीवर बसून आपल्या आईच्या दम्याचं सांगत राहिला. वसुलीचं विसरला.

"काहून व विचारतं असं?" मी तिला म्हटलं.

"बापाचं नाव त कोनीबी पाठ करते, अक्का. मायचं नाव सांगतानी मानसाचं तोंड पाहून घ्या."

मीही एकदा करून पाहिलं. तेल्याला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय. तो घाबरून म्हणाला, "काहून, काय झालं?" आणि बुधला उचलून चालता झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला गुलाबरावांचं घर. बायको वारलेली, घर कापसानं भरलेलं. माणूस वाईट नव्हता. सुगीत त्यांचे बैल आमच्याकडे, आमचे त्यांच्याकडे. अमरावतीच्या बाजारात आमच्या नि त्यांच्या बैलबंड्या एकामागं एक उभ्या राहायच्या. आमच्या सासऱ्यांमागं माझे मालक शेती पाहत, आणि धाकटे भाऊजी, म्हणजे गिरजेचे मालक, बंड्या घेऊन बाजाराला जात. या दोघा भावांचं अर्धं काम गुलाबरावांच्या भरवशावर चालायचं.

त्या वर्षी गुलाबरावांनी बायको आणली. बऱ्हाणपुराकडची, चांगल्या घरची, असं सांगितलं. आईबाप नाहीत, मावशीनं वाढवली. मावशी सोबत आली होती. गोड बोलणारी, दातांना मिशरी, डोक्यावर पदर असा की ढळायचा नाही. नवरीचं नाव लक्ष्मी.

आम्ही तिघी हळदीकुंकवाला गेलो. पोर कोवळी होती. पाट दिला तरी पाटावर बसेना, पाटाशेजारी उकिडवी बसली. तिच्या कपाळावरचं बारीक गोंदण मी ओळखलं. अचलपूरच्या बाजाराला पहाडातल्या बाया मोह आणि चारोळी विकायला उतरतात, त्यांच्या कपाळावर तसं गोंदण असतं. लहानपणापासून मी पाहत आले. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले, "ही बऱ्हाणपुराची नाही. पहाडातली दिसते."

"गप राय," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गिरजेनं विचारलंच. "तुह्या मायचं नाव काय व, लक्ष्मे?"

पोरीनं मावशीकडे पाहिलं. मावशी हसली. "यमुना होतं व तिचं नाव. माही बहीनच ना थे."

"यमुना," पोर म्हणाली.

घरी येताना गिरजा गल्लीतच थांबली. "पोट्टीनं आपल्या मायचं नाव दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहून सांगतलं," ती म्हणाली. आणि आत्याबाई, ज्यांनी मला गप बसवलं होतं, त्या म्हणतात कशा, "धाकटीची नजर मोठी बारीक हाय बाप्पा."

बारीक नजर! गोंदण कुणी ओळखलं होतं?

मावशी दोन-चार दिवसांनी निघून गेली. त्यानंतर एका दुपारी आम्ही दोघी मोर्णा नदीवर धुणं घेऊन गेलो, तर लक्ष्मी एकटीच खडकावर लुगडं आपटत होती. गिरजेनं तिच्या शेजारी आपलं गाठोडं सोडलं. आई नाही, बाप नाही, गाव नाही, काही विचारलं नाही. म्हणाली, "तुह्या घरामागं कोनतं झाड होतं व?"

हे उत्तर तिला कुणी पढवलेलं नव्हतं.

"मोह," पोर म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मग हळूहळू निघालं. तिची बोली आमची नव्हती. शब्द शोधून शोधून बोलायची. तिचं नाव फुली. आई सोमी. कापूस फुटला तेव्हा एक माणूस नि ही मावशी पहाडात आली होती. खाली वेचणीला चला, लुगडं देऊ, पोटभर जेवू घालू. सोमीनं पाठवली, गावातल्या आणखी काही पोरी निघाल्या. बंड्या बदलत गेल्या. दर मुक्कामाला एखादी पोर कमी व्हायची. फुलीला सांगितलं होतं की खरं बोललीस तर आईच्या झोपडीला आग लावू.

मी पिळा हातात धरून उभी होते. गिरजा काही शहाणपणाचं बोलली असेल असं वाटत असेल तुम्हाला. गोष्ट सांगणाऱ्या बाया तिच्या तोंडी इथं मोठं बोलणं घालतात. तिनं फुलीचं सगळं धुणं आपल्याकडे ओढलं, आणि धुता धुता हिवरखेडला तिची एक बकरी होती, ती कशी मेली, याची लांबलचक गोष्ट सांगत बसली. फुली रडायची थांबून ऐकायला लागली. मीसुद्धा ऐकत राहिले, याचा मला आजही राग येतो.

बंड्यांच्या पुढच्या खेपेला गिरजेनं भाऊजींजवळ हट्ट धरला की मला अंबादेवीचा नवस फेडायचाय, अमरावतीला नेता की नाही. नवस कसला नि काय! तिच्यासोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मलाही निघावं लागलं. अमरावतीचा कापसाचा बाजार म्हणजे नुसता पांढरा धुरळा. बैल, बंड्या, दलाल, अडते, आणि आवारा-आवारात सरकी काढायला बसलेल्या बाया. गिरजा देवीला नमस्कार करून सरळ त्या बायांत जाऊन बसली. चरकी फिरवायला लागली. दिवस मावळेपर्यंत तिच्या डोक्यावर म्हातारीसारखा कापूस जमला होता आणि अर्ध्या बाजाराच्या आयांची नावं तिला ठाऊक झाली होती.

तिथं तिला अशा दोन पोरी सापडल्या. एक एका दलालाच्या घरी भांडी घासायची, एक दुसऱ्या कुणाची दुसरी बायको होऊन आली होती. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोघींनी गिरजेला जे सांगितलं ते शब्दाला शब्द तेच: बाप पटकीनं गेला, माय पुरात वाहून गेली, मावशीनं वाढवलं.

बिऱ्हाडी येऊन गिरजा मटकन बसली. म्हणाली, "अक्का, या मावशीच्या बहिनी लय मरतात व!"

परतीच्या वाटेवर बंड्या रिकाम्या असतात. जाताना कापूस, येताना वारा. आमचा जुना गाडीवान किसना बैल हाकत होता. गिरजा त्याला सहज विचारायला लागली की बाबा, रिकाम्या बंडीत कोणी बाया-मानसं बसवता का. "बसवतो ना," किसना म्हणाला, "भाडं सुटते तेवढंच." मग तिनं मावशीची खूण सांगितली, मिशरी, पदर.

"थे मावशी ना? गुलाबरावाची सासू? तिले त म्याच आनली. आधीबी आनली होती, भाच्या संगं होत्या. गरीब पोट्ट्या, बोलत नव्हत्या काई."

भाऊजी पुढच्या बंडीवर होते, त्यांनीही ऐकलं. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. अकोल्याला पोचेपर्यंत गिरजा एक शब्द बोलली नाही. तिला गप्प मी तेवढ्या एका वाटेवर पाहिलं.

घरात गहजब झाला. माझे मालक ओसरीवर बसले, आत्याबाई उंबऱ्यात. गिरजा भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, यायची नाही, रीतच होती. ती माजघराच्या दाराआड उभी राहून आत्याबाईंशी बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायची, आणि माझे मालक त्या दाराकडे पाहून उत्तर द्यायचे.

"गुलाबरावासोबत वैर घेऊन आपल्याले परवडन काय?" मालक दाराला म्हणाले. "आन् कचेरीत आपल्याच बंडीचं नाव निघन, त्याचं काय?"

"निघू द्या, आत्याबाई," दारामागून आवाज आला. "आपल्या बंडीतून आली थे, आपल्याच बंडीतून वापस जाईन."

"लोक थुंकतीन तोंडावर."

"तोंड धुता येते. उद्या आपल्या येसूले कोनी वेचणीले म्हणून नेलं, आन् लोक म्हनले, आमाले परवडत नाई, मंग?"

मालक उंबऱ्यातल्या आत्याबाईंकडे वळले. मग म्हणाले, "धाकटीचं बरोबर हाय, माय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. माझ्याशी समोरासमोर ते जितकं बोलले नव्हते, तितकं त्या दाराशी बोलले.

भाऊजी ठाण्यावर गेले. ठाणेदार बरा माणूस होता, पण म्हणाला, ती आता लग्नाची बायको. तुम्ही तिचे कोण? तिचे आईबाप आणा, मग बोलू. पहाडात आईबाप शोधायचे म्हणजे वाट अचलपुरावरून. अचलपूर म्हणजे माझं माहेर. मला वाटलं, चला, आता तरी हे काम माझं.

माझ्या आईचं सांगते. माझी आई कडक होती. तिनं मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. चूक दाखवली की तिची माया संपायची. आम्ही बैलांच्या दमणीतून उतरलो, मी आईच्या पाया पडले. आई म्हणाली, "रोडावलीस." तेवढ्यात मागून गिरजा धप्पकन उतरली आणि म्हणाली, "माय, तुमच्या मायचं नाव काय होतं?" माझ्या अंगावर काटा आला. आणि माझी आई हसली! 'भागीरथी' म्हणाली. मी माझ्या आजीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चार दिवस आम्ही तिथं राहिलो. आईनं चारही दिवस गिरजेला स्वतः वाढलं, तिच्या चिकट केसांचा गुंता सोडवला, आणि निघताना आपलं ठेवणीतलं जांभळं लुगडं तिला नेसवलं. ते मला लहानपणापासून आवडायचं.

बाजाराच्या दिवशी आम्ही पहाडातल्या बायांच्या रांगेत फिरलो. मोहाच्या टोपल्या, चारोळीचे द्रोण, मध. रांगेच्या टोकाला एक बाई उभी होती, तिच्यापुढं विकायला काहीच नव्हतं. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक तरुण पोरीच्या तोंडाकडे ती वाकून पाहायची. शेजारची म्हणाली, ही दर बाजाराला येते. वेचणीला गेलेली पोर आली नाही, मुकादम म्हणतो पळून गेली. गिरजा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तुह्यं नाव सोमी काय?"

बाईनं मान हलवली.

"घरामागं मोह हाय?"

बाईनं गिरजेच्या दंडाला असं धरलं की बोटं रुतली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती धरून राहिली. गिरजेनं दंड सोडवून घेतला नाही. त्या दंडावरचे निळे वण पुढं कितीतरी दिवस दिसत होते आणि गिरजा ते येसूला दागिन्यासारखे दाखवायची.

सोमीला दमणीत घालून आणलं. गुलाबरावांच्या अंगणात आम्ही सगळे उभे होतो, भाऊजी, ठाण्याचा शिपाई, शेजारपाजार. गुलाबराव संतापले होते. "मी काय चोरी करून आनली? चारचौघांत लगीन लावलं, मांडव घातला, तुमी जेवून गेले ना माह्या घरी!" खरंच होतं ते. आम्ही जेवलो होतो.

तेवढ्यात फुली घागर घेऊन मागच्या दारानं आली. तिनं सोमीला पाहिलं. घागर खाली ठेवली, अगदी नीट, सांडू न देता. सासरी शिकली होती तसं. आणि मग धावली. त्या दोघी त्यांच्या बोलीत काय बोलल्या ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. गुलाबराव घरात निघून गेले. पुन्हा आयुष्यात ते आमच्याशी बोलले नाहीत. बैलांची अदलाबदल थांबली. पुढच्या सुगीला माझ्या मालकांची कंबर मोडली ती त्यानं. पण गोष्टीत हे कुणी सांगत नाही.

राहिली मावशी. ठाणेदार म्हणाला, बाई आज इथं उद्या तिथं, कुठं धरणार? गिरजा म्हणाली, तिलाच घरी बोलावू. तिनं बाजारात, नदीवर, सरकीवाल्या बायांत उठवून दिलं की मला लेकरू होत नाही, मालकासाठी मीच दुसरी पाहून राहिली. पोर गरीब पाहिजे, मागंपुढं कोणी नसलेली पाहिजे. लेकरू होत नव्हतं ते खरंच होतं. त्या एका गोष्टीवरून ती कधी हसायची नाही. तीच तिनं पुढं केली. भाऊजी लाजेनं चार दिवस ओसरीवर फिरकले नाहीत.

आणि मावशी आली. फुली आईसोबत गेल्याची खबर तिच्यापर्यंत पोचली नव्हती. भर दुपारी, किसनाच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या बंडीतून, सोबत एक पोर. शिपाई कोठ्यात बैलांमध्ये बसलेले. गिरजेनं पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. मावशी सुरू झाली, "काय सांगू बाई, अभागी पोर. बाप पटकीनं गेला..."

"माय पुरात," गिरजा म्हणाली.

मावशीच्या हातातला गूळ तसाच राहिला.

"तुमीच वाढवलं," गिरजा म्हणाली. मग तिनं तिच्याकडे वाकून, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तुह्या मायचं नाव काय व, मावशे?"

मावशीचा पदर पहिल्यांदा खांद्यावर घसरला. "मले काय मालूम," ती म्हणाली. "मलेबी एका मावशीनंच आनलं होतं."

मग ती उठून मागच्या दाराकडे पळाली. मागच्या दाराला बाहेरून कडी होती. ती कडी मी लावली होती. सगळे कोठ्यातल्या शिपायांकडे आणि गिरजेकडे पाहत होते तेव्हा मी न सांगता मागून जाऊन कडी लावली होती. पण जुन्या शहरातल्या एकाही बाईच्या गोष्टीत ती कडी नाही.

तिला नेलं, तिच्यामुळं तिचा जोडीदारही सापडला. दोघांना सजा झाली. नेण्याआधी गिरजेनं मावशीला आणखी एकदा पाणी पाजलं, आणि त्यावरून आत्याबाई तिला रागावल्या. माझ्या आठवणीत तेवढं एकदाच.

सगळ्या पोरी मिळाल्या असं मात्र नाही. अमरावतीची ती भांडी घासणारी पोर आपल्या गावी पोचली. दुसरीनं नकार दिला. तिची आई खरंच मेली होती. "तिथं जाऊन मी कोनापाशी राहू?" ती म्हणाली. गिरजा त्या दिवशी अंबादेवीच्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि मला म्हणाली, "अक्का, मले वाटलं होतं का घर सापडलं की झालं." मी तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं. पण तोवर देवळातली एक अनोळखी बाई येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून बसलीही होती. तिच्याभोवती जागा कधी रिकामी नसायची.

त्यानंतर आमची ओसरी बदलली. पहाडातून, पूर्णेकाठून, कुठून कुठून बाया यायला लागल्या; कुणाची लेक, कुणाची बहीण, कुणाचं तान्हं. गिरजा त्यांना बसवायची, विचारायची, मग कासारणींच्या, सुइणींच्या, गाडीवानांच्या तोंडी त्या खुणा गावोगाव पाठवायची. घरामागचं झाड, विहिरीचं पाणी गोड की मचूळ, आई काय गुणगुणायची. कधी काही निघायचं, पुष्कळदा काहीच नाही. त्या बायांना भाकरी मी घालायची. त्या जेवायच्या आणि दुवा गिरजेला देऊन जायच्या.

पटकीच्या साथीत गिरजा गेली. दोन पोरी पहाडाकडच्या होत्या, त्यांना पोचवून परतताना अचलपुरात तिला साथीनं गाठलं. ती माझ्या माहेरी गेली, आणि माझ्या आईच्या मांडीवर तिनं जीव सोडला. माझ्या आईच्या मांडीवर. निरोप घेऊन किसना आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढं मी आईला विचारलं, शेवटी काय म्हणाली ती? आई म्हणाली, "थे तिचं न माह्यं होतं." आई स्वतः गेली तेव्हाही तिनं ते मला सांगितलं नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते ती निघाली त्या सकाळी. बंडी गल्लीत उभी होती. बैलांचा कडबा कमी घेतला म्हणून ती किसनाशी भांडत होती आणि किसना हसत होता. दोन्ही पोरी आधीच चढून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आत्याबाई उंबऱ्यात, भाऊजी जुवापाशी, माझे मालक नेहमीसारखे ओसरीवर, तिच्याकडे पाठ करून, पण कान तिकडे लावून. येसूनं बंडीचा दांडा धरून ठेवला होता. मला पण ने म्हणून रडत होती. गिरजेनं तिची बोटं एकेक करून सोडवली, तिच्या कानात काही सांगितलं आणि तिला माझ्याकडे ढकललं. "धरा व अक्का हिले," म्हणाली. माझ्याशी तेवढंच. मग धप्पकन बंडीत चढली. बैल दचकून निघालेच.

मी येसूचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिचा हात माझ्या हातात होता नि मान सगळी बंडीकडे. बंडी मोर्णेच्या उतारावर लागली. आधी बैल दिसेनासे झाले, मग चाकं. गिरजेचं डोकं तेवढं राहिलं, त्या पोरींना काहीबाही सांगताना जोरजोरात हलणारं. येसू म्हणाली, "काकी मागं पायते का?" मीही त्याचसाठी थांबले होते. ती बोलतच राहिली. तिनं मागं पाहिलं नाही.